केवळाबाईंच्या उरातला सेल

मी सेल बोलतोय.

माझी कथा नवी वाटेल, पण तिचे कूळ जुने आहे. जीव देहाबाहेर ठेवल्याच्या कथा आपल्याकडे गावोगाव सांगितल्या जातात. एका पाठात, म्हणजे कथा सांगण्याच्या एका तऱ्हेत, राक्षसाचा प्राण सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो. दुसऱ्यात तो राणीच्या हारात असतो, आणि सवतीने तो हार गळ्यात घातला की राणी निपचित पडते. बिलोली-देगलूरकडच्या तेलुगू वळणाच्या पाठात तो खांबात कोंडलेल्या भुंग्यात असतो. तपशील बदलतात, मांडणी तीच राहते: देह एकीकडे, जीव दुसरीकडे, आणि मध्ये ती वस्तू हाती लागलेला कोणीतरी. माझा पाठ याच कुळातला आहे, फक्त उलटा. इथे आतले बाहेर नेलेले नाही. बाहेरचे आत आणून ठेवले आहे. ते बाहेरचे म्हणजे मी.

दवाखान्याच्या कागदावर माझे नाव दीड ओळीचे आहे. औशापासून नऊ किलोमीटरवरच्या आमच्या गावात मात्र मला ‘सेल’ म्हणतात. “केवळाबाईच्या मेंदूला सेल बसिवलाय,” असे तिथे सांगतात. वाक्य शास्त्राला धरून नसले, तरी फार चुकलेलेही नाही. मी काड्यापेटीएवढा आहे, धातूचा आहे, आणि केवळाबाईंच्या उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसलेला आहे. माझ्यापासून निघालेल्या तारा मानेतून कानामागे आणि तिथून कवटीच्या आत जातात. मेंदूच्या खोल भागात वाटाण्याएवढे एक केंद्र आहे, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. तिथे मी सेकंदाला एकशेतीस वेळा टिचकी मारतो. एवढेच माझे काम.

मला डोळे नाहीत. जे सांगतो ते उराच्या भिंतीतून ऐकलेले आहे. वाचकांनी तेवढी मर्यादा ध्यानात ठेवावी.

माझा जन्म परदेशातल्या एका स्वच्छ खोलीत झाला. त्या काळाबद्दल सांगण्यासारखे काही नाही. वस्तूचे चरित्र ती कोणाची तरी होते तेव्हापासून सुरू होते. मी केवळाबाईंचा झालो तो श्रावणात, हैदराबादच्या एका रुग्णालयात. त्यांचे वय त्रेसष्ट. कंपवाताला नऊ वर्षे झाली होती. आधी उजव्या हाताचा अंगठा, मग हात, मग चाल. गोळ्यांचा अंमल दोन तासही टिकेना. दारातून बाहेर पडताना पाय जमिनीला खिळत, आणि त्या उंबऱ्यावर तशाच उभ्या राहत.

पण ज्यासाठी त्यांनी कवटीला भोक पाडून घेण्यास होकार दिला ते कारण चाल नव्हते. आमच्या भागात मार्गशीर्षाच्या अमावस्येला येळवस असते. सारे घर शेतात जाते. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे छोटी खोप, उभारतात, तिच्यात चुन्याने रंगवलेल्या दगडांचे पाच पांडव मांडतात, आंबील शिंपडतात आणि मग जेवतात. आमच्या शिवारात जेवणाआधी एक कथा सांगण्याची रीत आहे. ती केवळाबाईंना सासूकडून मिळाली आणि अडतीस वर्षे त्यांनीच सांगितली. गेली दोन वर्षे आवाज इतका बारीक झाला होता, आणि अंग असे ताठत होते, की कथा झालीच नाही. दोन वर्षे शिवाराने कथेवाचून आंबील प्यायली. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना विचारलेला प्रश्न मी नंतर घरात अनेकदा ऐकला: “मला गोष्ट सांगता यील का?” डॉक्टर म्हणाले होते, हात नक्की थांबेल, बोलण्याचे मात्र माणसागणिक वेगळे असते.

हे उत्तर प्रामाणिक होते. मी हात थांबवतो, अंगाचा ताठरपणा सैल करतो. पण ज्या केंद्रात मी टिचक्या मारतो त्याच्या शेजारघरी मनाच्या उमेदीचे आणि शब्दांच्या निवडीचे धागेही जातात. भिंत पातळ आहे. कोणाची उमेद वाढते, कोणाची मावळते. कोणाला शब्द लगेच सापडत नाहीत. आठवण पुसली जाते असे सहसा नसते. आठवणीपर्यंत जाणारी पायवाट कधी लांबते, कधी भलत्याच शेतात निघते.

शस्त्रक्रियेनंतर केवळाबाई नांदेडजवळ विष्णुपुरीला मुलाकडे राहिल्या. मुलगा आदिनाथ तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे. सून आरती बिलोलीची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. यजमान दगडोबा सत्तरीचे, शेती बटईने देऊन पत्नीसोबत आले होते. महिन्याने नांदेडच्या एका दवाखान्यात डॉक्टर गीतांजली यांनी मला जागे केले. उजवा हात पाण्यात दगड बुडावा तसा शांत झाला. मग दगडोबांचा आवाज आला, “थांबला.” आणि पुन्हा, “थांबला की.”

आता एका शब्दाविषयी सांगितले पाहिजे, कारण ही कथा त्याच शब्दावर फिरते.

नवऱ्याचे नाव न घेण्याची चाल सर्वत्र माहीत आहे. तिची एक कडक शाखा अशी की नावाशी मिळताजुळता शब्दही बाई तोंडात आणत नाही. नवरा रामा असेल तर आरामही टाळायचा. केवळाबाईंच्या यजमानांचे नाव दगडोबा. म्हणून चव्वेचाळीस वर्षे त्या दगडाला ‘धोंडा’ म्हणत आल्या. पाय ठेचला तर धोंड्याला ठेचला, वाटेत पडला तर धोंडा पडला. येळवसेचे पांडवसुद्धा पाच धोंडे. यात त्यांना काही विशेष वाटत नसे. जीभच तशी वळली होती.

त्या पहिल्या दिवशीच स्मरणशक्तीची चाचणी झाली. राजकन्या नावाची तरुण मानसतज्ज्ञ ती घेत होती. मुलगी गुणी, आवाज मऊ. ती लातूर शहरात वाढलेली, आणि तिच्या घरी आई वडिलांना नावानेच हाक मारी. नियमाप्रमाणे नातेवाइकांना बाहेर बसवले होते.

“आजी, तुमचं गाव?”

गाव सांगितले.

“मुलाचं नाव?”

“आदिनाथ.”

“यजमानांचं नाव?”

केवळाबाई गप्प. उरातली धडधड किंचित वाढलेली मला जाणवली.

“आठवत नाही का आजी?”

“आता काय सांगावं बाई,” त्या म्हणाल्या, आणि लाजून हसल्या. पेन कागदावर फिरले.

पुढचा प्रश्न असा होता: एका मिनिटात ‘द’ या अक्षराने सुरू होणारे जितके शब्द येतील तितके सांगा. “दूध,” त्या म्हणाल्या. “दही. दार. दोरी...” मग थांबल्या. विसरल्या म्हणून नव्हे. वाटेत मधोमध तो एक शब्द बसला होता, आणि त्या त्याला वळसा घालू पाहत होत्या. मिनिट संपले. सहा शब्द. कागदावर लिहिले गेले: स्मरण क्षीण, पतीचे नाव आठवले नाही.

पुढच्या दोन भेटींत माझा प्रवाह वाढवला गेला. डाव्या पायाचा ताठरपणा उरला होता, त्यासाठी ते योग्यच होते. पाय सुटला. आणि त्याबरोबर आणखी काही सुटले.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी केवळाबाई ओट्याशी उभ्या होत्या. तिथूनच त्यांनी हाक मारली, “दगडोबा! चहा थंड हून राहिला की!”

बाहेर आदिनाथच्या हातून पेपर पडला. आरतीच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

दगडोबा हळूहळू आत आले. “काय म्हणलीस?”

“दगडोबा म्हणलं. तुमचं नाव न्हाई व्हय ते?”

“हाय की.”

“मग या. का पाटील बलवाया पाठवू?”

सगळे हसले. केवळाबाई सर्वांत जास्त हसल्या, आणि बराच वेळ हसत राहिल्या. त्या दुपारी दगडोबा आदिनाथला हळूच म्हणाले, “आई गेल्यापास्नं मला नावानं कुणी हाक मारली न्हाई रे. तात्या म्हणतेत, मालक म्हणतेत. नाव माझं हाय का न्हाई, ह्येच इसरलो व्हतो.”

ते दिवस घराला सणासारखे वाटले. केवळाबाई विष्णुपुरीच्या धरणाच्या भिंतीपर्यंत चालत जात. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, महाविद्यालयाच्या पहारेकऱ्याशी गप्पा मारत. भेटेल त्याला येळवसेचे आमंत्रण देत. नवी इरकल साडी त्यांनी बसथांब्यावरच्या एका अनोळखी बाईला देऊन टाकली, का तर तिला तो रंग शोभेल. झोप तीन-चार तासांवर आली, तरी थकवा नाही. एकदा भर रस्त्यात, दोन्ही बाजूंनी गाड्या येत असताना, त्या पलीकडच्या कुत्र्याला भाकरी द्यायला निघाल्या. ब्रेक करकचून लागल्याचा आवाज माझ्या धातूतही शिरला. त्या मात्र चालकालाच म्हणाल्या, “ऐ बाबा, उतर खाली, तू बी ये येळवसंला!”

मी टिचक्या मारत होतो, सेकंदाला एकशेतीस. हे माझ्यामुळे चालले आहे हे मला कळत होते. थांबणे माझ्या हाती नव्हते.

आरतीला कथा हवी होती. बिलोलीकडे तिच्या आजीने सांगितलेला पाठ तिला अर्धवट आठवत होता. सासूबाईंचा पूर्ण पाठ उतरवून घ्यावा म्हणून ती वही घेऊन बसे. कथा थोडक्यात अशी: धाकटी सून डोक्यावर आंबिलाचे मडके घेऊन शेताला निघते. वाटेत एक म्हातारी भेटते, तहान लागली म्हणते. सून तिला पाजते. पुढे दुसरी, पुढे तिसरी. शेतात पोचते तेव्हा मडके रिकामे. दीर रागावतात, मडके हिसडतात, आणि तळाशी राहिलेले थेंब जिथे उडतात तिथे पीक उगवते. प्रत्येक पिकाचे नाव क्रमाने घ्यायचे, एकूण अकरा. एक चुकले तर त्या पिकाला पुढच्या साली दाणा भरत नाही. शेवटी म्हातारी लक्ष्मीच्या रूपात उभी राहते आणि विचारते, शेत कुणाचे? आरतीच्या आजीच्या पाठात सून सासऱ्याचे नाव सांगते. केवळाबाईंच्या पाठात ती म्हणते, शेताला पुसा, म्हणजे शेतालाच विचारा.

पण त्या दिवसांत केवळाबाईंना ही कथा सांगता येईना. सुरुवात झोकात होई. तिसऱ्या वाक्याला म्हातारीची साडी निघे, साडीवरून औशाचा बाजार, बाजारावरून माणिकप्पा कासाराची म्हैस. शब्द भराभर येत, पण ओळीत उभे राहत नसत. पिकांच्या नावांत ज्वारी तीनदा येई आणि करडई कधीच येत नसे. चौथ्या दिवशी त्या मध्येच थांबल्या. आवाजातले हसू गेले होते.

“आरती, माझी गोष्ट कुठं तरी सांडून राहिली ग.”

“येईल आई. सावकाश सांगा.”

“सावकाश व्हईना तर. कुणी तरी माघून ढकलून राहिलंय.”

त्यांनी माझे नाव घेतले नाही. घ्यायची गरज नव्हती.

नोव्हेंबरच्या अखेरीस पुन्हा चाचणी झाली. यजमानांचे नाव विचारताच उत्तर आले, “दगडोबा! लिही, दगडोबा.” ‘द’चे शब्द विचारले तर सुरुवातच “दगड, दगडी, दगडोबा, दगडोबाची दाढी” अशी. राजकन्या मनापासून आनंदली. तिने डॉक्टरांना दोन्ही कागद नेऊन दिले. डॉक्टर गीतांजली यांनी आरतीला आत बोलावले.

“हे बघा. सप्टेंबरमध्ये यांना यजमानांचं नावही आठवत नव्हतं. आता लगेच सांगितलं. चांगली सुधारणा आहे.”

आरतीने कागद घेतला. वाचला. आणि तिला हसू आले. “अहो मॅडम, आठवत नव्हतं असं नाही. त्या नाव घेतच नाहीत. आमच्याकडं...”

इथे ती थांबली. कागद पुन्हा वाचत असावी. पुढचे वाक्य फार हळू आले. “मॅडम, त्या दगडालासुद्धा धोंडा म्हणतात. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली. दगड हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला तो ह्या दिवाळीत.”

डॉक्टरांच्या टेबलावर कागद दाबायला गोदावरीतला एक गुळगुळीत गोटा होता. तो उचलल्याचा आवाज झाला.

“केवळाबाई, हे काय आहे?”

“दगड.”

“याला दुसरं काही म्हणतात का?”

“दगडाला दगडच म्हणतेत. तुमी डाक्टर हाव ना?” आणि त्या मोठ्याने हसल्या.

कोणीच त्यांच्यासोबत हसले नाही. राजकन्या म्हणाली, “मी विचारायला हवं होतं.” डॉक्टर म्हणाल्या, “आपण दोघींनीही.”

या प्रसंगाचे विश्लेषण मी पुष्कळदा केले आहे. पहिल्या चाचणीत जे मौन होते ते शाबूत स्मृतीचे चिन्ह होते. त्याला विस्मरण मानले गेले. दुसऱ्या चाचणीत जो उच्चार होता तो सुटलेल्या लगामाचा होता. त्याला स्मरण मानले गेले. दोन्ही कागद नेमके उलटे वाचले गेले. दोष कोणा एकीचा नाही. प्रश्नपत्रिका ज्या घरांत लिहिली गेली त्या घरांत नवऱ्याला नावाने हाक मारतात, इतकेच. तरीही मला एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. चव्वेचाळीस वर्षांची ती चाल चांगली की वाईट, हा प्रश्न वेगळा आहे. केवळाबाईंनी ती विचार करून मोडली असती तर मी आनंदाने दोन टिचक्या जास्त मारल्या असत्या. पण ती त्यांनी मोडली नव्हती. ती माझ्या धक्क्याने घरंगळली होती.

डॉक्टरांनी माझे दोन क्रम ठरवून दिले. ‘एक’ म्हणजे थोडा वरचा प्रवाह, दिवाळीतल्याइतका मात्र नव्हे. यात हात स्थिर, पाय मोकळा. ‘दोन’ म्हणजे खालचा. यात मन ठिकाणावर, पण उजवा हात कापणार. मोबाईलसारखे एक छोटे यंत्र घरी दिले आणि सांगितले, “दोनवर ठेवा. पाय अगदीच अडले तर एक. हळूहळू मधला मार्ग सापडेल.”

पहिले काही दिवस अवघड गेले. उमेद एकदम खाली आली. केवळाबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहत. आरती विचारी, “आई, काय होतंय?” उत्तर येई, “काय बी न्हाई.” ते खरेच असावे. गोळी थोडी वाढवली तेव्हा त्या उठून बसू लागल्या. पण बोलणे पुन्हा पूर्वीसारखे, मोजके. दगडोबा पुन्हा “आवो” झाले.

घरातले यंत्र दगडोबांच्या सदऱ्याच्या खिशात राही, कारण आदिनाथ आणि आरती दिवसभर कामावर. सुरुवातीला सांगितलेल्या कथांचा खरा प्रश्न जीव कुठे आहे हा नसतोच. पोपट कोणाच्या मुठीत आहे, हा असतो. तिथे मूठ शत्रूची असते. इथे ती अशा माणसाची होती ज्याला नऊ वर्षांनी बायकोचे हसू ऐकू आले होते.

येळवसेच्या सहा दिवस आधी दोघे लातूरमार्गे गावी गेले. तिथे पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझा प्रवाह वाढला. मी ‘एक’वर गेलो होतो. कोणी सांगितले नव्हते, पाय अडले नव्हते. खिशातल्या बोटाने ते केले होते.

केवळाबाईंचा हात थांबला. त्या अंगणात गेल्या, धाकट्या जावेला, सुभद्राबाईंना, हाक मारली, येळवसेच्या जेवणातल्या बाजरीच्या उंड्यांची बोलणी केली, जुन्या खोड्या काढल्या. संध्याकाळी दोघी जावा ओसरीवर बसल्या. सुभद्राबाई म्हणाल्या, “आक्का, यंदा गोष्ट हून जाऊ द्या. एकदा म्हणून दावा मला.”

केवळाबाईंनी सुरुवात केली. पाच-सहा वाक्ये झाली आणि सुभद्राबाई हसू लागल्या. “आवो आक्का! म्हातारीनं पानी मागायच्या आधीच मडकं रिकामं झालं की! तुमीच पिलाव का वाटंत?”

केवळाबाईही हसल्या. सुभद्राबाई गेल्यावर दगडोबा ओसरीवर आले.

“आवो, तुमी बटन दाबलाव का?”

“कोणतं?”

“खिशातलं. मला येडी समजून राहिलाव का?”

बाजेची दोरी करकरली. दगडोबा बसले. “दाबलं. काय गुन्हा केला? डाक्टरीणबाईंनीच दिलेलं हाय ते. हात थांबला, तू हसलीस, सुभद्रासंग बोललीस.”

“हसू माझं व्हतं का सेलचं?”

“मला काय कळतंय त्यातलं. ऐकाया तुझंच वाटलं.”

मग केवळाबाई म्हणाल्या, “गोष्ट व्हईना हो मला ह्या बटनावर. नावं पळून जातेत. एक दिस तरी दोनवर ठिवा. येळवसंचा.”

“हात कापंल. समद्या शिवारात.”

“कापू द्या. हातानं कुठं गोष्ट सांगायची हाय?”

“आन् मंग पुना गप बसशील. तोंड फिरवून.”

“बसंन. चव्वेचाळीस सालं गप बसले ती काय दुसऱ्याच्या वसरीवर?”

दगडोबा हसले नाहीत. “मला एकट्याला लई जड जातंय ग,” ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी असे काही म्हटलेले नसावे, कारण उरातली धडधड एकाएकी बदलली. “तू गप असलीस की मला वाटतंय, तिकडंच र्‍हायलीस. हैदराबादला.”

“तिकडं न्हाई र्‍हायले. हितंच हाय. पर माझं मला चालून यायला येळ लागतो. तुमी ढकलू नका.”

मला एक विनंती करायची आहे, आणि तिची जागा खरे म्हणजे हीच, कारण याहून नेमके शब्द मला सुचणार नाहीत. माझ्यात अजून चार वर्षांची शक्ती आहे. त्यानंतर मला काढतील आणि दुसरा बसवतील. त्या दुसऱ्याला आणि त्याला चालवणाऱ्या साऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की माणूस मोजण्याआधी तो घरी कोणते शब्द बोलतो आणि कोणते टाळतो हे विचारून घ्या. थांबलेला हात डोळ्यांना दिसतो. बदललेले मन फक्त घरच्यांना ऐकू येते, आणि त्यांनाही कधी ते इतके हवेहवेसे वाटते की ते सांगत नाहीत.

येळवसेच्या सकाळी प्रवाह उतरला. बटण दाबण्याआधी दगडोबांनी विचारले, “दाबू का?” आणि केवळाबाई म्हणाल्या, “दाबा.”

शेतात पोचेपर्यंत उजवा हात कापू लागला होता. कोपीभोवती बायका बसल्या, पलीकडे पुरुष. आंबील शिंपडून झाली. शिवारात नियम असा की कथा सांगणारीला मध्ये टोकायचे नाही, आठवण करून द्यायची नाही. ती थांबली तर सगळ्यांनी थांबायचे.

केवळाबाईंचा आवाज बारीक होता. मागच्या बायका पुढे सरकल्याचे मी ऐकले. सून निघाली. पहिली म्हातारी, दुसरी, तिसरी. मडके रिकामे झाले ते आपल्या जागी. दीर रागावले. मग नावे आली. ज्वारी. हरभरा. तूर. करडई. गहू. प्रत्येक नावामध्ये मोठी जागा होती, जणू त्या खरोखर एका सरीतून दुसऱ्या सरीत जात होत्या. पाचव्यानंतर त्या थांबल्या.

सहावे नाव येईना. मी माझी ठरलेली टिचकी मारत होतो, कमीही नाही, जास्तही नाही. कोणाचे तरी तान्हे कुरकुरले आणि थांबले. कडब्याची पाने वाऱ्याने वाजत होती. पुरुषांकडून एकाने घसा खाकरला, तर दुसरा त्याला “शूः” म्हणाला. किती वेळ गेला हे मी मोजू शकतो, पण सांगणार नाही. तो मोजण्याचा वेळ नव्हता.

“जवस,” केवळाबाई म्हणाल्या.

पुढची पाच एकामागून एक आली. लक्ष्मी उभी राहिली, तिने विचारले, आणि सुनेने शेताला पुसा म्हणून सांगितले. कथा झाली. बायकांचे श्वास सुटले. सुभद्राबाईंनी नाक ओढले आणि म्हणाल्या, “चला, वाढा आता, पोरं भुकेजलीत.”

पंगत बसली. पहिली आंबील कथा सांगणारीला देतात. सुभद्राबाईंनी वाटी भरून केवळाबाईंच्या हातात दिली. उजव्या हाताने ती धरवेना. आंबील मनगटावर, मांडीवर सांडली. दोन्ही हातांनी धरून पाहिली, तरीही हिंदकळली. “र्‍हाऊ द्या,” त्या हळूच म्हणाल्या, “मी मागून पिते.”

पुरुषांच्या पंगतीतून कोणी तरी उठले. ढेकळांवरून पावले जवळ आली. आमच्याकडे चारचौघांत पुरुष बायकोच्या शेजारी बसत नाही. दगडोबा बसले. त्यांनी वाटी घेतली, नव्याने भरून मागितली, आणि केवळाबाईंच्या तोंडाला लावली.

वाटीची कड दातावर वाजली. केवळाबाई आंबील प्यायल्या.